पासष्टच्या आतले विसराळू

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या मराठी पार्ट्यांची एक पद्धत आहे. जेवणं झाली की डॉक्टर मंडळी सोफ्यावर बसून किस्से सांगतात, आयटीवाले खाली कार्पेटवर बसून ऐकतात, आणि मी किचनच्या दारात ताक हातात घेऊन मनातल्या मनात म्हणते, "चूक! असं नव्हतंच झालं!" कारण त्या पेशंटचं पत्र मी टाइप केलेलं असतं.

डॉक्टर पेशंट बघतो, पत्र डिक्टेट करतो आणि पुढच्या पेशंटकडे वळतो. सेक्रेटरी तेच पत्र कानांनी ऐकते, हातांनी टाइप करते, डोळ्यांनी तपासते आणि वर फाइलही करते. चार वेळा आत गेलेली गोष्ट बाहेर कशी पडणार? साठत जातात किस्से. त्यामुळे आज मी सांगते, डॉक्टरांनी कार्पेटवर बसावं.

आधी थोडी ओळख. मी अनघा, नागपूरची. एम.एससी. फिजिक्स. नवऱ्याच्या प्रोजेक्टमागोमाग डिपेंडंट व्हिसावर इथे आले आणि सहा महिन्यांत खिडकीतून शेजाऱ्यांची मांजर बघण्याचा कंटाळा आला म्हणून हॉस्पिटलात अर्ज टाकला. इंटरव्ह्यूला बाई म्हणाल्या, "तुझं इंग्लिश किती छान आहे!" मी म्हटलं, "तुमचंही!" नोकरी मिळाली. ती का मिळाली, हे मला अजून कळलेलं नाही.

क्लिनिक हॉस्पिटलच्या अगदी मागच्या अंगाला, म्हाताऱ्यांच्या वॉकरचं गोडाऊन आणि पायांच्या डॉक्टरांचा विभाग यांच्या मधे. पासष्टच्या आतल्या लोकांच्या डिमेन्शियाचं. अधिकृत नाव 'यंग ऑनसेट'. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला कितीतरी वर्षांनी कोणीतरी यंग म्हणायचं, आणि तेही ह्या कारणासाठी!

साल दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. कॉम्प्युटर होते, पण डॉक्टर अजून छोट्या कॅसेटवरच बोलायचे. मी कानात हेडफोन घालून, पायाखालचं पेडल दाबत टाइप करायची. आमचे कन्सल्टंट डॉ. थॉर्नली डिक्टेशन देताना बिस्किटं खायचे. 'मेमरी' आणि 'लॉस' या दोन शब्दांच्या मधे कधीकधी दोन बिस्किटं असायची. त्यांच्या हाताखाली समीर, पुण्याचा, रजिस्ट्रार, म्हणजे त्यांचा ज्युनियर डॉक्टर. आणि नर्स मॉरीन, आयरिश, जिला क्लिनिकमधली कुठलीच गोष्ट पहिल्यांदा घडतेय असं कधी वाटलं नाही.

नावं बदलली आहेत, गावंही बदलली आहेत. शेजारच्या पिनरच्या मंडळींनी उगाच एकमेकांकडे बघू नये.

*

पहिल्या आठवड्यात मला एक कोडं पडलं. इंग्लंडमधला प्रत्येक पेशंट 'प्लेझंट' होता. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: "या प्लेझंट गृहस्थांना पाठवल्याबद्दल आभार." "या प्लेझंट बाईंना पाठवल्याबद्दल आभार." एका प्लेझंट गृहस्थांनी तर त्याच सकाळी मॉरीनला लाथ मारली होती!

मी समीरला विचारलं. तो म्हणाला, "अनघाताई, ती कोडवर्ड सिस्टिम आहे. 'प्लेझंट' म्हणजे सरांना चेहरा आठवत नाहीये. 'डिलाइटफुल' म्हणजे माणूस तासभर बोलत होता. 'चार्मिंग' म्हणजे बाईंनी सरांच्या टायचं कौतुक केलं."

"आणि विशेषणच नसेल तर?"

"तर पेशंट बघायला तू बाहेर येऊ नकोस."

दुसऱ्याच दिवशी बिनविशेषणाचं पत्र आलं. नुसतं "या गृहस्थांना पाठवल्याबद्दल आभार." मी पेडल दाबत पुढे ऐकलं. त्या गृहस्थांनी सरांना विचारलं होतं, "तुम्ही इतके जाड कसे झालात?" पुढे निदान: मेंदूचा पुढचा भाग झिजतोय. फ्रंटल.

मी समीरला म्हटलं, "अरे, पण सर जाड आहेतच की!"

तो म्हणाला, "म्हणून तर. खरं बोलावंसं वाटणं हे लक्षण नाही. ते आवरता न येणं, हे लक्षण आहे."

*

लोकांना वाटतं डिमेन्शिया म्हणजे अल्झायमर. आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो ना, तसंच. पण वय कमी असलं की हा आजार वेगवेगळे मुखवटे घालून येतो. कोणाची आठवण जाते, कोणाचा स्वभाव जातो, कोणाचे शब्द जातात, कोणाची नजर जाते. आणि आमच्याकडे येईपर्यंत त्या माणसाला जवळपास सगळ्यांनी सगळी निदानं लावून झालेली असतात: डिप्रेशन, मेनोपॉज, मिडलाइफ क्रायसिस, बायकोशी पटत नाही.

वॉटफर्डचे एक बँक मॅनेजर याच वाटेने आले. वय त्रेपन्न. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या पत्रात लिहिलं होतं, 'वैवाहिक तणाव'. बायको सांगत होती, की सव्वीस वर्षं हा माणूस माझ्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने केक करायचा. आता माझ्या आईच्या दफनविधीला उभा राहून त्याने पाद्र्यालाच विचारलं, "जेवण कधी आहे?" 

समीरने त्यांची टेस्ट घेतली. तारीख, वार, उलटं स्पेलिंग, तीन शब्द लक्षात ठेवणं. तीसपैकी एकोणतीस! समीर खूश. "मेमरी एकदम नॉर्मल. मॅरेज काउन्सेलिंगला पाठवू."

तेवढ्यात ते मॅनेजर बाहेर माझ्या टेबलापाशी आले. मी फोनवर होते. त्यांनी माझा डबा उघडला, कोबीची भाजी आणि तीन पोळ्या उभ्याउभ्याच संपवल्या, डबा चाटला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी आहे."

मी सरळ आत गेले. म्हटलं, "डॉक्टर, मला यातलं काही कळत नाही. पण एक सूट घातलेला बँक मॅनेजर बाहेर माझं जेवण जेवला. आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही."

सरांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. ते बिस्किट खाली ठेवतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. स्कॅन झाला. मेंदूचा पुढचा भाग आक्रोडासारखा आकसलेला. त्यांच्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती रडलीच नाही. म्हणाली, "म्हणजे तो माझा राग राग करत नव्हता?"

त्या पत्राचं शेवटचं वाक्य मी तीनदा मागे नेऊन ऐकलं, खरंच असं म्हणालेत का ते बघायला: "माझ्या रजिस्ट्रारच्या टेस्टपेक्षा माझ्या सेक्रेटरीचा कोबी अधिक उपयुक्त ठरला, हे नमूद करतो."

समीर त्यानंतर महिनाभर मला डब्यात काय आहे हे विचारत नव्हता.

*

एक खूण सर सगळ्यांना शिकवायचे. पेशंटला प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी त्याने मान वळवून बायकोकडे बघितलं, की वहीत एक टिक करायची. मान वळली की आठवणीत घोळ आहे समजा. विशेषतः अल्झायमरमध्ये. इंग्रज पेशंटवर ही खूण फार छान चालायची.

मग एका महिन्यात लागोपाठ तीन मराठी पेशंट आले. तीनही नवरे. तिघांनीही प्रत्येक प्रश्नाला मान वळवली!

"गोळ्या कुठल्या घेता?" मान वळली.

"मुलगी काय शिकते?" मान वळली.

"नाश्त्याला काय खाल्लं?" मान वळली. बायको म्हणाली, "उपमा." नवरा म्हणाला, "हो, उपमा."

सर चिंतेत पडले. समीरला म्हणाले, "तुमच्या समाजात हा आजार इतका आहे?"

समीर म्हणाला, "सर, एक काम करा. पुढच्या महिन्यात आमच्या गणपतीला या. दीडशे नवरे असतील. कोणालाही विचारा, तुमचे सॉक्स कुठे असतात? मग मोजा किती माना वळतात ते."

सर खरंच आले! आरतीला उभे राहिले, मोदक चार खाल्ले, आणि दोन तास शांतपणे निरीक्षण केलं. सोमवारी सकाळी मॉरीनला म्हणाले, "मराठी पुरुषांसाठी ती खूण बंद. त्यांच्या बायकांनी नवऱ्यांकडे मान वळवली, तर मात्र मला ताबडतोब बोलाव."

*

कॉव्हेंट्रीहून एक दामले म्हणून गृहस्थ आले. हॅरोला मुलीकडे राहायला आलेले. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, एकोणसाठ वर्षांचे, त्यातली तीस वर्षं इंग्लंडात. इथल्या पेपरातलं अवघड शब्दकोडं चहा थंड व्हायच्या आत सोडवणारा माणूस. आता त्यांना शब्दच कळेनासे झाले होते. विसरत नव्हते ते काही. काल कुठे गेलो, कोण भेटलं, सगळं तारीखवार सांगायचे. पण मुलगी म्हणाली, "बाबा, काकडी आणा," तर दुकानात जाऊन परत यायचे आणि विचारायचे, "काकडी म्हणजे काय?"

आता यात त्यांच्या जीपीने काय निदान करावं? 'भाषेची अडचण. इंग्रजी मातृभाषा नाही.' तीस वर्षं इंग्रजीत इंजिनियरिंग केलेल्या माणसाला!

मग आमच्या ऑफिसने कर्तव्यतत्परतेने दुभाषा बुक केला. ठरल्या वेळी एक गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, फार गोड आजीबाई आल्या. दामल्यांशी त्या काहीतरी बोलल्या. दामले गोंधळले. ते बघून समीरने वहीत लिहिलं, 'मातृभाषेतही आकलन गंभीर.' पाच मिनिटांनी मी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं, बाई माल्टीज, म्हणजे माल्टा बेटावरची भाषा बोलत होत्या. यादीत 'मराठी'च्या वरच्या ओळीत 'माल्टीज' होतं!

"अरे गाढवा," मी समीरला बाहेर घेऊन म्हटलं, "तू स्वतः मराठी आहेस ना? तुला कळलं नाही?"

"मला वाटलं कोकणातली एखादी बोली असेल."

शेवटी मीच बसले. चित्रं दाखवत गेले. उंट दाखवला. "प्राणी आहे कुठलातरी." विळी दाखवली, म्हणजे मी कागदावर काढून दाखवली. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "विळी म्हणजे काय हो?" मग मी म्हटलं, "दोडका म्हणजे काय, सांगता येईल?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेजारी बसलेल्या दामलेकाकू ताडकन म्हणाल्या, "ते धरू नका! दोडका त्यांनी आयुष्यभर ओळखायचं नाकारलंय!"

काकू हसल्या, मी हसले, दामलेही हसले. मग काकू हसता हसता थांबल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "इंग्रजी गेलं तर मराठी उरेल, असं मी धरून चालले होते हो. दोन्हीकडून एकदमच कसं जातं?"

समीरने मग नीट समजावलं, मराठीत. म्हणाला, "काकू, हा शब्द हरवण्याचा आजार नाही. शब्दामागचा अर्थच पुसला जातो. तो पुसला की कुठल्याच भाषेत सापडत नाही." ते त्याने इतकं हळू आणि चांगलं सांगितलं, की माल्टीजबद्दल मी त्याला माफ केलं.

सरांनी जीपीला जे पत्र पाठवलं, ते दीड ओळीचं होतं. निदान, आणि खाली: "ता. क. श्री. दामले यांच्या आजारातल्या इंग्रजीतही तुमच्या रेफरलपेक्षा व्याकरणाच्या चुका कमी होत्या."

*

पिनरच्या सुलभाताईंची गोष्ट त्याच वर्षातली. छप्पन्न वर्षांच्या. साड्यांना फॉल लावायच्या, ब्लाउज शिवायच्या. अर्ध्या हॅरोच्या बायका त्यांच्याकडे. त्या आल्या त्या हातात एक पिशवी घेऊन. पिशवीत सात चष्मे!

दोन वर्षांत सात वेळा नंबर तपासला. सातही वेळा चष्मेवाल्याने सांगितलं, "डोळे उत्तम." आणि दर वेळी नवा चष्मा मात्र दिला. त्यांना ओळीवर ओळ चढलेली दिसायची, जिना कुठे संपतो ते कळायचं नाही. समोरचा कप घ्यायला हात पुढे केला की तो बरोबर कपाच्या शेजारी पडायचा.

मुलगा वैतागलेला. इथेच वाढलेला, मराठी तसं बेताचं. "डॉक्टर, मम्मी फेक करते. तिला फ्लोअरवरचा एक राइस दिसतो, पण एवढा मोठा सोफा नाही दिसत? कसा काय?"

सर पुढे झुकले. "पुन्हा सांग. तांदळाचा दाणा दिसतो, सोफा दिसत नाही?"

"हो ना! ॲटेन्शनसाठी करते!"

सरांना तिथेच निदान मिळालं. डोळे ठीकच होते. मेंदूचा मागचा भाग, जो डोळ्यांनी आणलेलं सगळं एकत्र जुळवतो, तो झिजत होता. त्यात बारीक वस्तू दिसते, मोठी हरवते. अल्झायमरचाच एक चुलतभाऊ, पण आठवणींना सुरुवातीला हात न लावणारा. सर म्हणाले, "तुझी आई दोन वर्षं अगदी अचूक सांगत होती. आपण सगळे डोळ्यांमध्ये बघत बसलो."

मुलाचा चेहरा पडला. तो आईजवळ जाऊन उकिडवा बसला आणि त्याच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाला, "सॉरी मम्मी. माझा चूक झाली." सुलभाताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला. तो खुर्चीच्या हातावर पडला. मुलाने तो उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

मॉरीनसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागली.

मग सरांनी सुलभाताईंच्या यजमानांना विचारलं, "तुमच्या काही लक्षात आलं नाही?" यजमान इतका वेळ मागच्या खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "अहो डॉक्टर, मी तीस वर्षं हिच्या समोर बसलोय. तेव्हाही मी हिला दिसत नव्हतो. मला वेगळं काय वाटणार?"

सुलभाताई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

*

सगळेच काही असे नसायचे. वेंब्लीच्या एक कुलकर्णीबाई, कट्टर शाकाहारी. त्यांना दूधही चालत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी सगळं विसरायला लागल्या. घरच्यांनी डिमेन्शिया धरून रडारड उरकून घेतली होती. समीरने रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व जवळपास शून्य! इंजेक्शनं सुरू केली. तीन महिन्यांत बाई टकाटक.

फॉलोअपला नवरा एकटाच आला. समीर उत्साहाने म्हणाला, "काय, सुधारणा आहे ना?"

"आहे," नवरा म्हणाला. "लग्नात माझ्या आईने कोणाकोणाचा मान ठेवला नाही, ते सगळं नावानिशी आठवायला लागलंय."

"वा!"

नवऱ्याने दार बंद आहे ना ते बघितलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर, तो डोस थोडा कमी करता येतो का?"

*

आता लिमये सर.

एका शाळेत गणित शिकवायचे, पंचवीस वर्षं. वय छप्पन्न. एका मंगळवारी त्यांनी नववीच्या एकाच वर्गाला एकाच तासात एकच प्रमेय तीन वेळा शिकवलं. तिसऱ्या वेळी वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी संध्याकाळी ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "आज मुलांना प्रमेय फार आवडलं."

मग तपासलेल्या वह्या पुन्हा तपासल्या जायला लागल्या. गुणांच्या बेरजा चुकायला लागल्या. गणिताच्या सरांच्या! एका सहकाऱ्याने रिपोर्ट केला, की सर थर्मासमधून लाल काहीतरी पितात, वाइन असावी. ते कोकम सरबत होतं. पण तोवर शाळेने शिस्तभंगाची चौकशी लावली होती. कामात हलगर्जीपणा, दारूचा संशय. सुनावणी एका सोमवारी.

आमच्याकडे ते त्याआधी दीड वर्षापासून येत होते. आणि दीड वर्ष आमच्याकडे शुक्रवारच्या मीटिंगमध्ये त्यांच्यावर परिसंवाद चालू होता. सायकॉलॉजिस्ट म्हणायची, डिप्रेशन, कारण ते रडतात. समीर म्हणायचा, फ्रंटल, कारण ते वर्गात एकदा शिवी देऊन हसले. डॉ. थॉर्नली म्हणायचे, अल्झायमरच असावा. तरुण वयात तो आठवणीबरोबर आकड्यांवरही बसतो. पण आणखी एक स्कॅन करू. तिघेही आपापल्या जागी विद्वान, आणि निर्णय दर वेळी एकच: सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी लिमये सरांच्या बायको, मीनाताई, माझ्या टेबलापाशी आल्या. अपॉइंटमेंट नव्हती. शाळेचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. "आज मीटिंग आहे ना? काय ठरेल?"

मी खरं सांगितलं. "सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणतील."

त्यांनी पत्र माझ्याकडे आणखी सरकवलं. मग म्हणाल्या, "सहा महिन्यांनी तुम्हाला आजाराचं नाव कळेल हो. पण तोवर ह्यांचं नाव राहील का?"

मी पेडलवरून पाय काढला. चहाचा ट्रे घेतला, त्यावर शाळेचं पत्र ठेवलं आणि मीटिंगमध्ये शिरले. चहा सगळ्यांना दिला. पत्र फक्त डॉ. थॉर्नलींना दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अ‍ॅना, निदान घाईत होत नसतं. तू डॉक्टर आहेस का?"

(त्यांना 'अनघा' कधीच जमलं नाही.)

"नाही," मी म्हटलं. "पण डॉक्टर या खोलीत तीन आहेत, आणि त्या माणसाला अजून एकही निदान मिळालेलं नाही. सोमवारी शाळा आपलं निदान देणार आहे. ती स्कॅनसाठी थांबणार नाही."

समीरने चहात बघितलं. सायकॉलॉजिस्टने कागद नीट लावले. माझी नोकरी गेली असं समजून मी रिकामा ट्रे उचलला.

"बस," सर म्हणाले. "कॅसेट नको. सरळ लिहून घे."

त्यांनी तिथेच सांगितलं. अल्झायमर, लहान वयातला. चुका आजारामुळे, हलगर्जीपणामुळे नव्हे. दारूचा संबंध नाही. मी टाइप केलं, त्यांनी सही केली, आणि साडेचारला फॅक्स गेला. सोमवारची सुनावणी झालीच नाही. हेडमास्तरीणबाई स्वतः घरी आल्या, माफी मागितली, आजारपणाची सन्मानाने निवृत्ती दिली. निरोपाच्या दिवशी त्याच नववीच्या मुलांनी सरांना एक भलंमोठं कार्ड दिलं. मीनाताईंनी ते मला दाखवायला आणलं होतं.

त्या सुमारास एक नवा नियम आला होता. जीपीला जे पत्र जाईल त्याची एक प्रत पेशंटलाही पाठवायची. डॉक्टर मंडळींना तो अजिबात रुचला नव्हता. पण नियमाप्रमाणे मी लिमये सरांविषयीच्या सविस्तर पत्राची प्रत त्यांच्या घरी पाठवली.

दहा दिवसांनी एक पाकीट आलं. आत आमचंच पत्र. लाल पेनने तपासलेलं!

इंग्रजी शाळेतले शिक्षक, त्यामुळे शेरे इंग्रजीत; पण सूर अस्सल आपल्या गणिताच्या सरांचा. अक्षर थोडं थरथरलेलं. पहिल्या परिच्छेदात एक स्वल्पविराम टाकला होता. दुसऱ्यात 'पेशंटने वजाबाकीत दोन चुका केल्या' याखाली रेघ, आणि शेजारी: "एक. दुसरी परीक्षकाची. पुन्हा करून पाहा." समीरने कागदावर ती वजाबाकी पुन्हा केली. मग आणखी एकदा केली. मग कागद खिशात घातला.

तिसऱ्या परिच्छेदात डॉ. थॉर्नलींनी लिहिलं होतं, 'स्वतःच्या आजाराविषयीची पेशंटची जाण अत्यंत मर्यादित आहे.' त्या वाक्याभोवती लाल गोल. समासात मोठं शून्य. आणि खाली:

"पायऱ्या दाखवलेल्या नाहीत. येऊन भेटा."

मी पाकीट डॉ. थॉर्नलींच्या टेबलावर ठेवलं आणि दाराशी थांबले. मॉरीन आणि समीर माझ्या मागे. सरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अ‍ॅना," ते म्हणाले, "त्यांना फोन लाव. विचार, कधी येऊ?"